खणखणीत नाणं

मुलांनो, माझ्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. कधीकाळी त्यात बिस्किटं होती. आता त्यात अकरा नाणी आहेत. दहा खरी आणि एक खोटं.

डबा शाळेत नेला की वर्गातली मुलं खऱ्या नाण्यांवर तुटून पडतात. ती आहेतच तशी : चांदीची, चांगली जाडजूड, कुणावर राजाचा चेहरा, कुणावर पंख पसरलेला गरुड. पण मला विचाल तर डब्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं नाणं ते खोटंच. त्याची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे. मात्र ती कळायची तर आधी खऱ्यांची ओळख करून घ्यायला हवी. चला तर मग.

२००२ सालची गोष्ट. मी सातवीत होते. माझा मामा जर्मनीतल्या एका कारखान्यात कामाला होता, तो मे महिन्यात सुट्टीवर आला. आम्ही सगळी भावंडं आजोळी जमलो होतो. मामाने बॅग उघडली. चॉकलेटं निघाली, रंगीत पेनं निघाली, आणि मग त्याने दोन कागदी पाकिटं काढली. एक मला दिलं, एक माझ्या मावसभावाला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. "हे खायचं नाही, आणि हरवायचंही नाही," मामा म्हणाला.

पाकिटात एक मोठं नाणं होतं. एका बाजूला दाढीमिश्यांचा एक माणूस, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला गरुड आणि १८६७ हे साल. नाण्यावर निळसर काळी झाक होती. कडेवरही काहीतरी कोरलेलं होतं. मी कधी नाण्याच्या कडेवर अक्षरं पाहिली नव्हती! मामाने वाचून दाखवलं, 'गोट मिट उन्स', म्हणजे 'देव आमच्यासोबत'. माणूस होता प्रशियाचा राजा विल्हेल्म. आणि नाण्याचं नाव टालर.

"टालर? की डॉलर?" मी विचारलं.

मामा हसला. म्हणाला, "बरोबर पकडलंस!"

मग त्याने सांगितलं. बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकात, योआखिमस्टाल नावाचं खाणीचं गाव आहे. 'टाल' म्हणजे दरी. तिथे चांदीच्या मोठ्या खाणी सापडल्या आणि सुमारे १५२० पासून तिथे चांदीची मोठी नाणी पाडली जाऊ लागली. त्यांना लोक 'योआखिमस्टालर' म्हणत. एवढं लांबलचक नाव बाजारात कोण घेणार? राहिलं नुसतं 'टालर'. तेच नाव फिरत फिरत अमेरिकेत पोचलं आणि 'डॉलर' झालं. गंमत म्हणजे मारी क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला, तेव्हा त्यांनी वापरलेलं खनिजही ह्याच गावच्या खाणींतलं.

माझ्या नाण्यावर गरुडाभोवती एक कोडंही होतं. इंग्रजी एक्स हे अक्षर सलग तीन वेळा, आणि पुढे 'आइन फुंट फाइन'. तीन एक्स म्हणजे रोमन आकड्यांत तीस. अर्थ असा, की अशी तीस नाणी घेतली तर त्यांत मिळून एक पौंड शुद्ध चांदी भरते. हा पौंड ५०० ग्रॅमचा. आता तुम्हीच भागाकार करा. ५०० भागिले ३० म्हणजे सुमारे १६.६७ ग्रॅम. पण नाण्याचं वजन तर १८.५२ ग्रॅम! मग उरलेलं काय? तांबं. नुसती चांदी मऊ असते, म्हणून दहा भागांत एक भाग तांबं मिसळायचं. पाहिलंत? राजाने नाण्यावरच हिशेब लिहून दिला होता. ज्याला शंका असेल त्याने तागडी घेऊन यावं.

मामा म्हणाला, "जो राज्यकर्ता असा हिशेब नाण्यावर कोरतो, त्याला पुढे खोटं बोलायची सोय राहत नाही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. पुढे ते आठवायची वेळ आली.

पण नाण्यावर हिशेब लिहायची पाळीच का आली? त्याला कारण होतं. आज नकाशात जर्मनी हा एक देश दिसतो. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. १८१५ मध्ये जो जर्मन संघ तयार झाला, त्यात जवळजवळ चाळीस राज्यं होती. प्रशिया आणि बव्हेरियासारखी मोठी, तर काही एवढीशी, की घोड्यावर बसून सकाळी निघालं तर दुपारी सरहद्दीपलीकडे! हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक आणि फ्रँकफुर्ट ह्या चार शहरांना तर राजाच नव्हता, ती स्वतंत्र नगरं होती.

आणि नाणी? ज्याची त्याची वेगळी. बर्लिनमध्ये एका टालरचे ३० सिल्बरग्रोशन आणि एका ग्रोशनचे १२ फेनिग. शेजारच्या सॅक्सनीत टालरचे ३० नॉयग्रोशन, पण त्यातल्या एकाचे १० फेनिग. म्हणजे एका टालरचे इकडे ३६० फेनिग आणि तिकडे ३००! दक्षिणेत म्युनिकला गेलात तर टालरऐवजी गुल्डन, आणि त्याचे ६० क्रॉयट्सर. हॅम्बुर्गला एका मार्काचे १६ शिलिंग. बिचारा व्यापारी! माल विकायचा की गणितं सोडवायची?

आपल्याकडेही मराठेशाहीत हेच होतं. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी रुपया वेगळा. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागणे' असं आपण अजूनही म्हणतो ना? तोच हा बट्टा.

जर्मन राज्यांनी ह्यातून वाट काढली ती हळूहळू. १८३४ मध्ये बऱ्याच राज्यांनी मिळून जकातसंघ केला, एकमेकांच्या सरहद्दीवर जकात घ्यायची नाही असं ठरवलं. १८३७ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांनी म्युनिकला बसून आपल्या गुल्डनचं एक माप ठरवलं. १८३८ मध्ये ड्रेस्डेनला सगळ्यांनी मिळून एक मोठं नाणं काढलं. उत्तरेत ते दोन टालर, दक्षिणेत साडेतीन गुल्डन. दोन्ही किमती नाण्यावर छापलेल्या! आणि १८५७ मध्ये व्हिएन्नाला करार झाला, त्यात ऑस्ट्रियाही होता. त्यातून आला 'फेराइन्सटालर', म्हणजे संघाचा टालर. माझ्या पाकिटातला तो हाच. राजा आपापला, चेहरा आपापला, पण आतली चांदी सगळीकडे तेवढीच. चार टालर दिले की सात गुल्डन. ना घासाघीस, ना बट्टा.

मला तर ते नाणं भलतंच आवडलं. इतकं, की मी त्याची वाट लावली.

झालं असं, की शाळेत छंदप्रदर्शन होतं. मला वाटलं, एवढं चांदीचं नाणं आणि ते असं काळपट? लोक काय म्हणतील! मी चिंचेचा कोळ घेतला, चुलीतली राख घेतली, आणि आजीचा देव घासावा तसं राजाला घासून काढलं. नाणं लख्ख झालं. प्रदर्शनात सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी आमच्या गल्लीतले सराफकाका आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं उजेडात तिरकं धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"कशाने घासलंस गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या गालावर, कपाळावर, दाढीवर सगळीकडे बारीक ओरखडे होते, केसांसारखे. राखेतल्या कणांचे.

"ती काळी झाक म्हणजे मळ नव्हता," काका म्हणाले. "हवेतल्या गंधकाने चांदीवर एक पातळ थर चढतो, वर्षानुवर्षं. तो नाण्याच्या वयाचा दाखला असतो. सव्वाशे वर्षांहून जास्त लागली होती त्याला. तू एका दुपारी पुसून टाकलीस."

मी रडवेली झाले. पण त्या दिवसापासून काकांनी मला नाणी हाताळायला शिकवलं. नाणं नेहमी कडेने धरायचं, कारण बोटाच्या घामाचा ठसा त्यावर उमटून राहतो. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, त्यातल्या रसायनाने हिरवट चिकट थर येतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवायचं, आणि पाकिटावर लिहून ठेवायचं : कुठलं, कधीचं, कुणाकडून मिळालं. आणि काही झालं तरी घासायचं नाही!

माझा छंद वाढत गेला. मामा दर सुट्टीला एखादं नाणं आणी, वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून मी एखादं घेई. प्रत्येक नाण्यामागे काहीतरी असेच.

फ्रँकफुर्टच्या टालरवर राजा नाही, एक बाई आहे. ती कुणी राणी नाही, ती म्हणजे फ्रँकफुर्ट नगरीच! १८६६ च्या युद्धात प्रशिया जिंकला आणि त्याने फ्रँकफुर्ट गिळून टाकलं. त्यानंतर त्या नाण्यांवर ती बाई कधीच दिसली नाही. सॅक्सनीच्या टालरवर राजा योहान आहे. ह्या राजाने दान्ते ह्या इटालियन कवीच्या महाकाव्याचं जर्मन भाषांतर केलं, पण त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. 'फिलालेथेस' असं टोपणनाव घेतलं. त्याचा अर्थ सत्यावर प्रेम करणारा. प्रशियाच्याच एका टालरवर 'मान्सफेल्डच्या खाणींचा आशीर्वाद' असं लिहिलं आहे. त्याची चांदी कुठल्या जमिनीतून आली ते नाणंच सांगतं. हातात घेतलं की मला राजा नाही, खाली अंधारात कुदळ मारणारी माणसं आठवतात.

मावसभावाला मामाने दिलेलं नाणं हॅनोव्हरचं होतं. त्यावर राजा पाचवा गेओर्ग. १७१४ पासून इंग्लंड आणि हॅनोव्हर ह्या दोहोंचा राजा एकच असे. १८३७ मध्ये इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया बसली, पण हॅनोव्हरच्या नियमाप्रमाणे तिथे बाईला गादी मिळेना. मग तिचा काका तिथला राजा झाला आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा, हा गेओर्ग. व्हिक्टोरिया आणि तो चुलत भावंडं, तिच्यापेक्षा तीनच दिवसांनी लहान. आणि गेओर्ग तरुणपणापासून पूर्ण आंधळा होता. आपल्या नाण्यावरचा आपला चेहरा त्याने कधी पाहिलाच नाही. बोटांनी चाचपला असेल, एवढंच.

हे नाणं मला हवं होतं. खूप हवं होतं.

आता येते त्या खोट्याची गोष्ट.

२००४ च्या डिसेंबरमध्ये बाबांबरोबर मी पुण्याला एक नाण्यांचं प्रदर्शन बघायला गेले. नववीत होते. एका टेबलावर मला ते दिसलं. बव्हेरियाचा १८२८ चा टालर! मामाने पाठवलेल्या झेरॉक्स पानांवर मी त्याचं चित्र शंभर वेळा पाहिलं होतं. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग ह्याला मोठी हौस. राज्यात काही विशेष घडलं की तो त्याचा टालर काढी, म्हणून त्यांना 'इतिहास-टालर' म्हणतात. १८३५ मध्ये न्यूर्नबेर्ग ते फ्यूर्थ अशी आगगाडी सुरू झाली, वाफेच्या इंजिनाची जर्मनीतली पहिली. लगेच तिचाही टालर! (आपली मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये.) पण सगळ्यांत गोड नाणं १८२८ चं. एका बाजूला राजा. दुसऱ्या बाजूला मध्ये राणी थेरेझा आणि तिच्याभोवती गोल करून त्यांची आठ मुलं. एका नाण्यावर अख्खं घर! वर लिहिलेलं, 'स्वर्गाचा आशीर्वाद'.

विक्रेत्याने चारशे रुपये सांगितले. माझ्याकडे साठवलेले चारशे तीस होते. एवढ्या नावाजलेल्या नाण्याला एवढीच किंमत? हा प्रश्न माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू? पण मी तो हाकलून दिला.

घरी आल्यावर सराफकाकांकडे धावले. त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं. हा टालर जुन्या मापाचा, त्याचं वजन २८ ग्रॅम भरायला हवं. भरलं एकवीस. मग त्यांनी पेलाभर पाणी काट्यावर ठेवलं, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडलं. पाण्याच्या पेल्याचं वजन जेवढ्या ग्रॅमने वाढतं, तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं, की घनता मिळते. चांदीच्या अशा नाण्याची घनता दहाच्या जरा वर यायला हवी. ह्याची आठच्याही खाली आली. शेवटी काकांनी ते बोटाच्या टोकावर तोलून धरलं आणि पेन्सिलीने हळूच टिचकी मारली. शेजारी माझा प्रशियाचा टालर तसाच वाजवला. तो खणखणीत वाजला, आवाज रेंगाळला. हा वाजला बद्द.

"खोटं आहे," काका म्हणाले. "साच्यातून ओतलेलं. वाईट वाटून घेऊ नकोस. शिकायची फी समज."

मला समजून घ्यायचं नव्हतं. मला माझे चारशे रुपये हवे होते.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा आजोळी जमलो. मी ते खोटं नाणंही बरोबर नेलं होतं. का नेलं होतं? 'असंच' असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. मावसभाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने ते पाहिलं आणि त्याचे डोळे एवढे मोठे झाले. "ताई, ह्याच्यावर आठ मुलं आहेत!" तो दिवसभर माझ्या मागे होता. संध्याकाळी म्हणाला, "माझा हॅनोव्हर घे आणि मला हे दे."

मी म्हटलं, "विचार कर हं. नंतर रडायचं नाही."

बघा मुलांनो, मी किती शहाणी! खोटं बोलले नाही. 'हे खरं आहे' असं एकदाही म्हणाले नाही. नुसती गप्प राहिले. आणि वर त्यालाच विचार करायला सांगितलं.

आंधळा राजा माझ्या डब्यात आला. पहिले चार दिवस मी खूश होते. मग मात्र डबा उघडावासा वाटेना. ज्या राजाला काहीच दिसत नव्हतं, त्याच्याच चेहऱ्याकडे मला बघवेना.

ऑगस्टमध्ये मावसभावाचं पत्र आलं. अंतर्देशीय पत्र, दोन्ही बाजू भरून लिहिलेलं. त्याने मामाला फोन करून त्या आठही मुलांची नावं मिळवली होती. माक्सिमिलियन, माटिल्डे, ओटो, लुइटपोल्ट, आडेलगुंडे, हिल्डेगार्ड, अलेक्झांड्रा आणि आडालबेर्ट. ह्यातला ओटो पुढे १८३२ मध्ये ग्रीसचा राजा झाला, हेही त्याला कळलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, 'ताई, राणीला खरं तर नऊ मुलं होती. एक मुलगी अगदी तान्ही असतानाच गेली, म्हणून ती नाण्यावर नाही. मी रोज नाणं बघताना तिचीपण आठवण काढतो. हे नाणं मी कधीच कुणाला देणार नाही. तू मला दिलंस म्हणून थँक्यू.'

ते पत्र मी कितीदा वाचलं असेन! प्रत्येक वेळी मला पेन्सिलीची टिचकी ऐकू येई. बद्द.

दिवाळीत मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? नाणं त्याचं आहे."

भाऊबीजेला तो आमच्याकडे आला. ओवाळून झालं. मी त्याला माडीवर नेलं, हॅनोव्हरचा टालर त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. वजन, पाणी, आवाज, सगळं. तो ऐकत राहिला. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"तुला कधी कळलं? मला देण्याच्या आधी, की नंतर?"

नंतर, असं म्हणता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता. सराफकाकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याच क्षणी मामाचं ते वाक्य आठवलं, नाण्यावर कोरलेल्या हिशेबाचं.

"आधी," मी म्हणाले.

तो उठून खाली गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. निघताना मी त्याला म्हटलं, "ते खोटं मला परत दे, मी फेकून देते." तो म्हणाला, "नको. त्यातली मुलं माझ्या ओळखीची झालीत."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी डी. एड्. केलं, शाळेत लागले. पहिल्या पगारातून मी मावसभावासाठी एक नाणं घेतलं. खरा १८२८ चा टालर काही मला परवडणारा नव्हता. मी घेतलं ते १९११ चं, बव्हेरियाचं तीन मार्कांचं चांदीचं नाणं.

इथे एक सांगायला हवं. १८७१ मध्ये ह्यातली बहुतेक राज्यं मिळून एक जर्मन साम्राज्य झालं. १८७३ च्या कायद्याने सोन्यावर आधारलेला 'मार्क' आला. जुने टालर तीन मार्कांचे म्हणून बाजारात चालत राहिले, ते थेट १९०७ पर्यंत. नव्या काळातही मोठ्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला साम्राज्याचा गरुड आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या राज्याचा राजा असे. जर्मनीला आता एवढी चांदी नको होती, म्हणून तिने ती जगाच्या बाजारात विकायला काढली. इतर देशही तेच करत होते, नव्या खाणीही सापडत होत्या. चांदीचा भाव घसरला. आणि आपला रुपया होता चांदीचा! त्याचीही किंमत घसरत गेली. शेवटी १८९३ मध्ये सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. बर्लिनमधला एक निर्णय आणि मुंबईतला सराफ, दोघांमध्ये असा धागा होता.

तर, १९११ चं नाणं. त्यावर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा आहेत. मावसभाऊ आता चांगला उंचापुरा तरुण. त्याने नाणं कडेने धरलं, मी शिकवलं होतं तसं, आणि कडेकडेने लिहिलेलं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"लुइटपोल्ट? आपला लुइटपोल्ट?"

"तोच," मी म्हटलं. "१८२८ च्या नाण्यावर सात वर्षांचा होता. हे त्याच्या नव्वदाव्या वाढदिवसाचं."

तो बराच वेळ नाणं बघत राहिला. मग आत गेला आणि ते खोटं नाणं घेऊन आला. "हे आता तू ने," म्हणाला. "तुझ्या वर्गातल्या मुलांना दाखव. पण त्यांना सगळं सांग हं. मधलंच काही गाळू नकोस."

म्हणून मी गाळलं नाही. हॅनोव्हरचा आंधळा राजा अजून त्याच्याकडेच आहे. मी तो पुन्हा कधी मागितला नाही.

मुलांनो, छंद लावून घ्यायला जर्मनीत मामा असावा लागत नाही. तुमच्या खिशातलं नाणं काढा. सालाखाली बघा. छोटा चौकट आहे? मग ते मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. जर्मनीच्या युरो नाण्यांवर आजही अशीच छोटी अक्षरं असतात. बर्लिनचं ए हे अक्षर माझ्या १८६७ च्या टालरवर राजाच्या मानेखाली आहे, आणि मामाने आणलेल्या २००२ च्या युरोवरही तेच आहे. राजे गेले, राज्यं गेली, टालर गेला, मार्कही गेला. ते एक अक्षर मात्र टिकून आहे.

परवा एका मुलीने वर्गात दोन्ही नाणी पेन्सिलीने वाजवून पाहिली. मग मला विचारलं, "बाई, खोट्या नाण्याला माहीत असतं का, आपण खोटं आहोत ते?"

मी म्हटलं, "नाही गं. नाण्याला माहीत नसतं. ते फक्त देणाऱ्याला माहीत असतं."